घरी बांधलेल्या विमानाच्या झाकणांना कोणता लॅच लावावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज एमआयडीसीतल्या एका शेडच्या मागच्या निम्म्या भागात आम्ही तिघं मिळून दोन सीटचं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान बांधतोय. पुढच्या निम्म्यात टूलरूमचं काम चालतं आणि त्यावर घर चालतं. पंख कसे जुळवले, इंजिन कोणतं घेतलं, हे लोक एकदा विचारून गप्प बसतात. झाकणांच्या लॅचबद्दल मात्र पुन्हा पुन्हा विचारतात. नांदेड, लातूर, जालना, परभणीहून आणि मधूनमधून पुण्याहून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. अ‍ॅक्सेस डोअर म्हणजे आपण बसायचं दार का?

नाही. आतल्या एखाद्या भागापर्यंत हात, डोळा किंवा पाना पोचावा म्हणून बाहेरच्या पत्र्यात ठेवलेलं झाकण म्हणजे अ‍ॅक्सेस डोअर. तेल बघायचं, बॅटरीचं, पंखाखालून कंट्रोलचे जोड तपासायचं, सामानाचं, अशी ती असतात. शेडमध्ये आम्ही सगळ्यांना झाकणच म्हणतो. बसायच्या दाराचं प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्न १६ मध्ये.

२. लॅच घ्यायला निघालो. आधी काय ठरवायचं?

दोन गोष्टी. हे झाकण कितीदा उघडणार, आणि ते बंद करायचं राहून गेलं तर काय होईल. लोक पहिली विचारतात. दुसरी विचारत नाहीत, आणि लॅच खरं तर तिच्यावरच ठरतो.

आमच्या विमानावर १४ झाकणं आहेत. त्यातली १० वर्षातून एकदा, वार्षिक तपासणीला उघडायची. त्यांना लॅचच नाही, साधे स्क्रू आहेत. बॅटरीचं महिन्या-दोन महिन्यांनी उघडतं. तेलाचं मात्र रोज, प्रत्येक उड्डाणाआधी. आमचं इंजिन रोटॅक्स ९१२ आहे. त्याचं तेल वेगळ्या टाकीत असतं. टाकीचं टोपण काढायचं, इग्निशन बंद असल्याची खात्री करून पंखा (प्रोपेलर) हातानं नेहमीच्या दिशेनं फिरवत राहायचा, टाकीतून गुळगुळ आवाज आला की मगच दांडी बुडवून पातळी बघायची. एवढं सगळं त्या झाकणातून होतं. म्हणजे रोज सकाळी, घाईत, तेलकट हातानं उघडमिट. त्याला स्क्रू लावला तर चौथ्या दिवशी माणूस तेल बघायचं सोडून देईल.

३. लॅचचे प्रकार तरी किती? कोणता कुठे?

स्क्रू आणि आतल्या बाजूला रिवेट केलेली नटप्लेट हा सगळ्यात स्वस्त, हलका आणि भरवशाचा प्रकार. झाकण पत्र्याचाच भाग होऊन बसतं. क्वचित उघडायच्या झाकणाला यापलीकडे जाऊ नका. इंजिनाजवळ नटप्लेट पूर्ण धातूची हवी. नायलॉनच्या कड्याची नको, कारण ते नायलॉन साधारण १२० अंशांपुढे धरत नाही.

क्वार्टर टर्न म्हणजे पाव फेरा मारला की बसणारा स्टड. झूस आणि कॅमलॉक ही दोन नावं तुमच्या कानावर आली असतील. झूस हे माणसाचं आडनाव. विल्यम झूस यांनी अमेरिकेत १९३० च्या दशकात तो बाजारात आणला. त्याच्या स्टडमध्ये नागमोडी खाच असते, आणि पाव फेऱ्यात ती आडव्या स्प्रिंगच्या तारेवर चढून बसते. कॅमलॉकमध्ये स्टडला आडवी पिन असते आणि ती खालच्या वाटीतल्या उतारावर चढते. इंजिनाचं कॉलिंग (इंजिनावरचं आवरण) आणि बॅटरी यासाठी दोन्ही चांगले.

दाबून उघडायचा खटका, म्हणजे पृष्ठभागाशी सपाट बसणारा, बोटानं दाबला की स्प्रिंगचा बोल्ट मागे सरकणारा. तेलाच्या झाकणाला हाच. ओढून आवळणारा टॉगल लॅच, जो आपल्याकडे ट्रकच्या टूलबॉक्सला असतो, तो कडा घट्ट ओढतो खरा, पण बाहेर डोकावतो आणि वाऱ्याला अडतो. विमानासाठी त्याचे सपाट बसणारे प्रकार येतात, पण वजन वाढतं.

पियानो बिजागरी, म्हणजे कडेभर लांब सलग बिजागरी, दोन्ही कडांना लावून तिची लांब तार ओढून काढायची, ही युक्ती कॉलिंगला खूप वापरतात. दिसायला देखणी, एकही स्क्रू दिसत नाही. पण इंजिनाच्या थरथरीनं अ‍ॅल्युमिनियमची भोकं झिजतात, कधी बिजागरीचे डोळे तुटतात. तार ओढताना गुडघे टेकून शिव्या द्याव्या लागतात ते वेगळंच. कॅम लॉक (वरचा कॅमलॉक वेगळा), म्हणजे किल्ली फिरवली की मागची पट्टी फिरते तो, फक्त सामानाच्या झाकणाला (प्रश्न १७).

४. बिजागरी कुठल्या बाजूला ठेवायची?

पुढच्या. म्हणजे वारा ज्या बाजूनं येतो त्या. मग लॅच सुटलाच तर वारा झाकण दाबून धरतो. कडा थोडी उचलेल, फडफडेल, पण झाकण उलटं पडणार नाही. बिजागरी मागच्या कडेला ठेवली की लॅच सुटताक्षणी वारा आत शिरणार, झाकण उताणं होणार आणि तुटून मागे शेपटीवर जाणार. गाडीचं बॉनेट मागच्या बाजूला बिजागरीवर असतं, म्हणून त्याला दुसरा आकडा ठेवतात. मुख्य खटका सुटला तरी आकडा धरतो.

जागेअभावी पुढे बिजागरी जमली नाही तर वाऱ्याच्या रेषेत, म्हणजे बाजूच्या कडेला ठेवा आणि मग एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन लॅच लावा. मागच्या कडेला ठेवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

एक तोटा सांगून ठेवतो. विमान वाऱ्याकडे शेपूट करून उभं असताना पुढची बिजागरी उलटी पडते. मागून आलेली झुळूक उघडं झाकण गपकन उचलते. म्हणून झाकणाला दोरीचा लगाम किंवा छोटी टेकणकाडी ठेवा.

५. झाकणावर जोर तरी किती येतो? एवढंसं तर आहे.

हिशोब करूनच बघू. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. समुद्रसपाटीला ताशी २०० किमी वेगाला तो चौरस मीटरला सुमारे १९० किलो भरतो, आणि ताशी २५० किमीला सुमारे ३०० किलो. आमचं तेलाचं झाकण २० बाय १५ सेंमी, म्हणजे ०.०३ चौरस मीटर. २०० ला पावणेसहा किलो, २५० ला नऊ किलो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे, इथली हवा थोडी विरळ. पण त्याची सूट घेऊ नका. वेग दाखवणारा एअरस्पीड इंडिकेटर मुळात दाबच मोजतो, त्यामुळे काट्यावर २५० दिसलं की दाबही तेवढाच.

हा जोर बहुतेक वेळा बाहेरच्या दिशेनं असतो. कॉलिंगच्या आत थंड करायला घेतलेली हवा दाबानं भरलेली, आणि बाहेर वक्र पत्र्यावरून पळणारी हवा ओढणारी. वक्रतेवर ही ओढ वरच्या आकड्याहून जास्तही होते. म्हणून आम्ही नवाची दुप्पट धरली, १८ किलो.

तपासायला कॉलिंग घोडीवर उलटं ठेवलं, म्हणजे झाकण खाली आणि त्याची आतली बाजू वर. पहिला विचार जवारीचा होता, घरात पोतं होतंच. पण १८ किलो जवारी एवढ्या जागेवर रचायची तर ढीग अडीच फुटांच्या वर जातो. शेवटी जवारीची पातळ पिशवी गादीसारखी पसरली, जोर सारखा वाटला जावा म्हणून, आणि तिच्यावर जालन्याहून आणलेल्या सळईचे तुकडे एकेक करून मांडले. खाली, पत्रा किती वाकतो ते मोजायला, डायल गेज. १८ किलोला खटका हलला नाही. पण मागच्या कोपऱ्याशी कडा ३ मिमी बाहेर गेली होती. त्याचं पुढे काय केलं ते लगेच खाली.

६. लॅच दणकट घेतलाय, तरी उडताना कडा फुगते. अजून मोठा लॅच घेऊ का?

नका घेऊ. लॅच जिथे आहे तिथेच धरतो. वाकतो तो पत्रा. ०.८ मिमीच्या सपाट पत्र्याला मधोमध एक लॅच लावला तर दोन्ही कोपरे मोकळेच राहतात. कोपरा उचलला की तिथून हवा शिरते, थरथर सुरू होते आणि मग बिजागरीची भोकं झिजतात.

आम्ही दोन गोष्टी केल्या. झाकणाच्या आतून टोपीच्या आकाराची पट्टी वाकवून रिवेट केली, लॅचच्या रेषेत, कडेपासून कडेपर्यंत. आणि झाकणाला कॉलिंगपेक्षा किंचित जास्त गोलाई दिली, म्हणजे बंद करताना आधी कोपरे टेकतात, मग मधला भाग दाबून खटका बसवावा लागतो. कोपरे कायम ताणात राहतात. पुन्हा त्याच सळया मांडल्या, कडा १ मिमीच्या आत राहिली. वजन वाढलं ४० ग्रॅम. मोठा लॅच घेतला असता तर याहून जास्त वाढलं असतं आणि कोपरा फुगतच राहिला असता.

७. एका झाकणाला लॅच किती?

वीतभर लांबीच्या आणि पट्टी लावून ताठ केलेल्या झाकणाला एक पुरतो. त्याहून लांब असेल तर दोन. लॅच वाढवले की विसरायच्या जागाही वाढतात, हे धरून चला. एका मुठीनं दोन बोल्ट ओढायची रचना हुशारीची वाटते, पण मधली कांडी वाकली किंवा सुटली तर मूठ बंद आणि बोल्ट उघडा. दोन बोल्ट हवेतच तर दोन वेगळे खटके लावा.

८. क्वार्टर टर्न फिरतो पण घट्ट बसत नाही. किंवा फिरतच नाही. काय चुकलं?

दहापैकी नऊ वेळा स्टडची लांबी. क्वार्टर टर्नला आवळणं नावाची गोष्ट नसते. तो ठरलेल्या एकाच जाडीला नीट धरतो. कॅमलॉकच्या नेहमीच्या मालिकांमध्ये स्टडची लांबी साधारण पाऊण मिमीच्या टप्प्यानं वाढते. जाडी मोजताना झाकण, खालचा पत्रा, मधला रबर आणि दोन्हीकडचा रंग, सगळं मोजा. रंग लोक विसरतात. आम्हीही विसरलो होतो. त्यात एका पुरवठादारानं पाकिटावर एक क्रमांक आणि आत दुसऱ्याच लांबीचे स्टड पाठवले. आम्ही पाकिटावर विश्वास ठेवून बारा वाट्या रिवेट करून मोकळे. ग्राउंड रनला, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघताना, बॅटरीचं झाकण करकर वाजायला लागलं तेव्हा कळलं. आता पाकीट फोडल्यावर पहिला स्टड व्हर्नियरवर जातो.

बरोबर लांबीचा स्टड फिरवताना शेवटी जोर वाढतो आणि मग टकदिशी सुटल्यासारखं लागून बसतो. ती टक हाताला लागली नाही तर तो बसलेला नाही.

९. भाऊ, विजेच्या कंट्रोल पॅनलचं लॉक वापरू का? आमच्याकडे डबाभर पडलेत.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि एमआयडीसीतून येणारच. उत्तर इंजिनाजवळ तरी नाही. ते लॉक बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं, अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे अडीच पट जड आणि धक्क्याला ठिसूळ. मागची पट्टी एकाच स्क्रूवर असते. भिंतीवरच्या पॅनलला थरथर नसते, म्हणून तिथे वर्षानुवर्षं टिकतं. इंजिन चालू झालं की तो स्क्रू ढिला होणार आणि पट्टी आत खाली लोंबणार. बाहेरून मात्र खाच बरोबर बंदच्या खुणेवर. बंद दिसणारा उघडा लॅच हा सगळ्यात वाईट प्रकार. याबद्दल जास्त प्रश्न १४ मध्ये.

१०. मोंढ्यात मिळणारे काउंटरसंक (डोकं पत्र्यात सपाट बसणारे) स्क्रू चालतील?

दोन अडचणी आहेत. एक, डोक्याचा कोन. विमानाच्या काउंटरसंक स्क्रूचा कोन १०० अंश, बाजारातल्या मेट्रिक स्क्रूचा ९०. १०० च्या खड्ड्यात ९० चं डोकं बसलं की सगळा भार डोक्याऐवजी भोकाच्या काठावर येतो, आणि पातळ पत्रा तिथून तडकतो. दोन, धातू. साध्या स्टेनलेसचा स्क्रू कमी ताकदीचा, आणि ओल मिळाली की त्याच्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं. डोक्याखाली प्रायमर लावून हे बरंच थांबवता येतं. पंखाखालच्या झाकणांना आम्ही विमानाचेच स्क्रू घेतले.

दुकानात विमानासाठी पाहिजे असं मात्र सांगू नका. एक तर हसतात, नाहीतर भाव वाढवतात.

११. चुंबक लावलं तर? वेल्क्रो?

चुंबक एकटं नको, आणि कंपासच्या आसपास तर मुळीच नको, दिशा चुकेल. वेल्क्रो केबिनमध्ये नकाशा चिकटवायला ठीक आहे.

१२. इकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत लॅच अडकतात. काय लावायचं?

तेल लावू नका. तेलावर काळ्या मातीची धूळ बसते आणि दोन आठवड्यांत त्याची मलम होते. खटका दाबला की परत येत नाही. ग्रॅफाइटची पूडही नको. चावीच्या कुलपात ती उत्तम, पण ओल मिळाली की ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियम कुरतडतं. सुकणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) फवारा मारा, त्याआधी ब्रश आणि हवेनं साफ करा.

उन्हाचा खरा त्रास फायबरच्या झाकणांना. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ ला जातो, पण उन्हात उभ्या गडद रंगाच्या पृष्ठभागाचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. त्यात इंजिन बंद केल्यावर पंख्याची हवा थांबते आणि आतली उष्णता वर चढून नेमकी वरच्या झाकणाला लागते. साध्या तापमानाला जमवलेलं इपॉक्सी, म्हणजे फायबर घट्ट धरणारं रेझिन, अशा वेळी मऊ पडतं. ताणात बसवलेलं झाकण मग ताणाच्याच आकाराचं होऊन राहतं, आणि प्रश्न ६ मधली गोलाईची युक्ती निकामी होते. फायबरचं झाकण केलं तर त्याला उष्णता देऊन पक्कं करा आणि रंग पांढरा द्या. आमचं झाकण पत्र्याचं आहे, त्यामागे हेही कारण होतं.

१३. माझं कॉलिंग कार्बन फायबरचं आहे. लॅच कसा बसवू?

अ‍ॅल्युमिनियमची वाटी कार्बनला थेट टेकवू नका, ती गंजून जाईल. मध्ये काचेच्या कापडाचा एक थर घ्या, किंवा वाटी स्टेनलेसची घ्या. रिवेट ठोकून फुगवायचे नाहीत, कार्बन चिरतो. इपॉक्सीत पुरलेला नट किंवा चिकटवायची नटप्लेट वापरा. काचेच्या फायबरला गंजाची भीती नाही, पण तिथेही भोकाभोवती थर वाढवा, कारण स्टडचं डोकं पातळ फायबरमधून हळूहळू आरपार येतं.

१४. लॅच बंद आहे की नाही हे कसं कळणार? हात लावून बघितलं की झालं ना?

हात लावून बघणारा माणूस त्या दिवशी हात लावेलच याची खात्री काय? मोठ्या कंपन्यांतही हे घडलंय. २४ मे २०१३ ला लंडनच्या हीथ्रोवरून ब्रिटिश एअरवेजचं एअरबस ए-३१९ उडालं आणि दोन्ही इंजिनांची फॅन कॉल झाकणं (पुढच्या पंख्याभोवतीची) हवेत तुटून गेली. रात्रीच्या कामानंतर लॅच लावायचेच राहिले होते. उजव्या इंजिनाला आग लागली, विमान परत फिरून उतरलं, सगळे वाचले. त्या झाकणांचे लॅच इंजिनाच्या पोटाखाली असतात, वाकल्याशिवाय दिसत नाहीत. आपल्याकडचं बघायचं तर ९ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईहून भुजला निघालेल्या एटीआर विमानाचं इंजिनावरचं झाकण मुंबईच्या धावपट्टीवरच पडलं. विमान भुजला सुखरूप उतरलं.

आणि एक जुनं, फार वाईट. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० कोसळलं, ३४६ माणसं गेली. मालाच्या दाराचे आकडे पूर्ण बसलेच नव्हते, तरी बाहेरची मूठ बंद झाली होती. आतली कांडी वाकत होती, म्हणून मूठ खाली गेली. बंद करणाऱ्यानं मूठ बघितली. त्याच्या जागी कोणीही तेच बघितलं असतं.

यातून आम्ही आमचा नियम काढला. खूण मुठीची नको, बोल्टची पाहिजे. तेलाच्या झाकणाच्या चौकटीत बोल्ट जिथे शिरतो तिथे ५ मिमीचं एक भोक पाडलंय आणि बोल्टच्या टोकाला पिवळा रंग दिलाय. बोल्ट पूर्ण आत गेला तरच भोकात पिवळं दिसतं. खटका वर आला की नाही, झाकण सपाट दिसतं की नाही, याच्याशी त्या पिवळ्याचा संबंध नाही. क्वार्टर टर्नना सोपं आहे. बंद स्थितीत सगळ्या खाचा उडायच्या दिशेला समांतर यायला हव्यात, आणि डोक्यावरून पत्र्यावर एक रेघ रंगवायची. मोडलेली रेघ दहा पावलांवरून दिसते. झाकणाच्या आतल्या बाजूला गडद लाल रंगही द्या, म्हणजे फट राहिली तर लाल कड दिसते.

हे शहाणपण आम्हाला आयतं आलेलं नाही. पहिल्या ग्राउंड रनला तेलाचं झाकण मी स्वतः बंद केलं होतं, तळहातानं थोपटून. सपाट बसलेलं. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर नेलं आणि ते फाटकन उघडलं. बोल्टचं टोक नुसतं काठावर टेकलं होतं. बिजागरी पुढे होती म्हणून पंख्याच्या वाऱ्यानं ते पुन्हा आपटून बसलं. मग पुन्हा उघडलं, पुन्हा बसलं. इंजिन बंद करेपर्यंत ते टाळ्या वाजवल्यासारखं वाजत होतं, आणि आमचा वेल्डर पोट धरून हसत होता.

१५. उडताना झाकण उघडलंच तर?

विमान उडवत राहा. उघडं झाकण सहसा विमान पाडत नाही. ते बंद करायच्या नादात लक्ष गेलं की विमान पडतं. वेग कमी करा, पण उतरताना नेहमीपेक्षा फार कमी नको. धावपट्टीभोवतीची चक्कर पूर्ण करून उतरा. शेपटीकडून वेगळी थरथर जाणवली तर कदाचित तुकडा तिकडे लागला असेल, मग वळणं हळू घ्या. धावपट्टी समोर पुरेशी उरलेली असताना उघडलं तर तिथेच थांबा.

१६. केबिनच्या दाराला हेच लॅच चालतील का?

नाही. ते दार मोठं, त्यावरचा जोर शेकडो किलोंत, आणि अपघातात ते आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडलं पाहिजे. शिकण्यासारखं उदाहरण आरव्ही-१० चं आहे. त्या चार सीटच्या विमानाची दारं वर उघडतात आणि पुढेमागे पिनांनी बसतात. मागची पिन भोकात न शिरता बाहेरून नुसती टेकायची, मूठ मात्र बंद व्हायची, आणि काही दारं हवेत तुटून गेली. नंतर कारखान्यानं दुसरा, वेगळा सुरक्षा लॅच दिला. पुन्हा तेच, मूठ बंद आणि पिन बाहेर.

१७. गावाकडच्या शेतात विमान ठेवतो. पोरं हात लावतात. कुलूप लावू का?

सामानाच्या झाकणाला किल्लीचं कॅम लॉक लावा. पट्टी स्टीलची आणि मागचा नट लॉक नट हवा, आणि त्यासोबत एक क्वार्टर टर्न. म्हणजे भार क्वार्टर टर्न घेईल, कुलूप फक्त चोरापुरतं. तेलाच्या झाकणाला आणि इंधन बंद करायच्या जागेला किल्ली नको. आग लागली तर किल्ली शोधायला वेळ नसतो. पोरांसाठी विमानावर गोधडी टाका आणि त्यांना एकदा आत बसवून दाखवा. ज्याला बसवलं तो पुढे राखणच करतो, हा आमचा अनुभव.

१८. लॅच बदलला तर डीजीसीएला (नागरी विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला) कळवावं लागतं का? मुळात घरी विमान बांधता येतं का?

बांधता येतं. अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. २०१६ च्या मुंबईतल्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. त्यासाठी त्यांना किती वर्षं कागद फिरवावे लागले तेही वाचा आणि मग पत्रा कापा. लॅचपुरतं सांगायचं तर प्रत्येक बदलाची नोंद, तारीख, वजन आणि फोटो वहीत ठेवा. तपासायला येणारा माणूस आधी वहीच मागतो.

१९. काल नीट बसणारा क्वार्टर टर्न आज बसेना. काहीही बदललेलं नाही. लांबी मोजली, ठीक आहे.

वाटीत टॉर्च मारून बघा. महिनाभर झाकण काढून ठेवलं होतं का? मग आत कुंभारीण माशीनं घर केलं असणार. वाळूजला पावसाळा संपताना ही माशी मिळेल ते भोक चिखलानं लिंपते. आमच्या बारापैकी तीन वाट्या तिनं भरल्या, आणि आम्ही अर्धा दिवस स्टड बदलत बसलो. चिखल सुकला की दगड होतो. पाण्याचे दोन थेंब टाका, पाच मिनिटं थांबा, मग लाकडी काडीनं काढा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, आतली स्प्रिंग वाकते. झाकण काढून ठेवायचं असेल तेव्हा वाट्यांवर मास्किंग टेप लावा. पिटो ट्यूबवर (वेग मोजायच्या नळीवर) टोपी घातलीय का तेही त्याच फेरीत बघा, माशीला ती नळी वाटीपेक्षा जास्त आवडते.